बेस हवा, बेसवाला नको!

शनिवारची संध्याकाळ, साडेपाचचा सुमार. मुंबई-गोवा हायवेला लागून असलेलं पेणचं रामवाडी. एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर मी कटिंग मारतोय. एका खांद्यावर लॅपटॉपची सॅक (हो, शनिवारीही हाफ डे होता) आणि दुसऱ्यावर चार फुटी काळी बॅग.

‘‘क्रिकेटवाले का?’’ चहावाल्याचा प्रश्न.

‘‘नाही हो, गिटार आहे.’’

‘‘एवढी लांब?’’

‘‘बेस गिटार.’’

त्याचा चेहरा एकदम खुलला. ‘‘हां, बेस! बेस तर पायजेच. डीजेला बेस नसला तर नाचायला मजा नाय.’’

बारा वर्षं बेस वाजवतोय आणि बारा वर्षं हाच संवाद ऐकतोय. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मांडवात जा, ‘‘बेस वाढव रे’’ अशी आरोळी ऐकू येतेच. ती साउंडवाल्यासाठी असते. बेस म्हणजे स्टेजच्या दोन्ही अंगांना रचलेले कपाटाएवढे काळे डबे, त्यातले अठरा इंची स्पीकर आणि छातीवर बसणारा दणका. त्या दणक्याचा निम्मा मालमसाला स्टेजच्या कोपऱ्यात उभा राहून एक माणूस चार तारांवर वाजवत असू शकतो, ही गोष्ट कुणाच्या गावीही नसते. आणि त्या शनिवारी तर आमच्या ऑर्केस्ट्राच्या मॅनेजरच्याही गावी नव्हती. म्हणजे असं की, त्याला माहीत होतं, पण त्याने हिशोब केला होता.

हिशोब सोपा होता

आदल्या सोमवारी, मी ऑफिसात महिनाअखेरीच्या एक्सेलमध्ये गळ्यापर्यंत बुडालेलो असताना त्याचा फोन आला. ‘‘दादा, वाईट वाटून घेऊ नको. सीझनला गाड्यांचे रेट वाढलेत. सहा माणसं म्हटली की मोठी गाडी लागते, पाच असली की छोटीत भागतं. कीबोर्डवाला म्हणतोय, डाव्या हाताने बेस मी घेतो. रामवाडीच्या हळदीला बघू. अर्धा प्रोग्राम तो घेईल, अर्धा तू. मग ठरवू.’’

थोडक्यात, अप्रेझल. ऑफिसात निदान फॉर्म तरी भरून घेतात.

राग यायला हवा होता, पण हिशोबात चूक काढता येईना. तुम्हीही कुठल्याही लग्नाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बघा. गायिका ऐकू येते, ढोलकी ऐकू येते, कीबोर्ड ऐकू येतो. बेसवाला मात्र नुसता मान हलवताना दिसतो, वाजत काहीच नाही! बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर सेकंदाला साधारण 41 कंपनांचा. मोबाइलचा नखाएवढा स्पीकर तिथपर्यंत उतरूच शकत नाही. आपला कानही खालच्या सुरांच्या बाबतीत जरा ठोंब्याच आहे. तेवढ्याच जोराने वाजवलेला वरचा सूर त्याला मोठा वाटतो आणि खालचा बारीक. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून ठेवलंय. म्हणून तर खालच्या सुरांसाठी एवढे मोठाले डबे आणि एवढी वॅटेज लागते. वर या 41 कंपनांच्या लाटेची लांबी भरते आठ मीटरच्या वर. कापडी मांडव तिला काय अडवणार! मांडवाबाहेर, दोन घरं पलीकडे झोपू पाहणाऱ्या माणसाला गाणं ऐकू येत नाही, फक्त ‘धम् धम्’ येतं, त्याचं कारण हेच.

आता ‘धम् धम्’च हवं असेल तर कीबोर्डही देतो आणि पेनड्राइव्हही देतो. मग बेसवाला कशाला?

पेटीवर करून बघता येईल असं एक उदाहरण देतो. उजव्या हाताने सा-ग-प एकत्र दाबून ठेवा. खाली मंद्रातला सा वाजवला की सगळं कसं घरी आल्यासारखं वाटतं. आता उजवा हात तसाच ठेवून खाली मंद्रातला ध वाजवा. वरचे तीन सूर तेच, पण गाण्याचा चेहरा पडतो. उदास होतो. गाणाऱ्याने काही केलेलं नाही, कीबोर्डवाल्याने काही केलेलं नाही. हे काम बेसवाल्याचं. श्रोत्याला ते कळत नाही आणि कळू नये हेच बरं. फक्त सूर चुकला की त्याच क्षणी सगळ्यांना कळतं!

बोटं, पिक आणि अंगठा

चार बेसवाले एकत्र आले की पहिला वाद हा. उजव्या हाताच्या दोन बोटांनी वाजवायचं की पिकने? बोटवाले पिकवाल्यांना ‘गिटारमधून नापास झालेले’ म्हणतात. पिकवाले बोटवाल्यांना म्हणतात, तुमचा सूर शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो तरी का? दोघांकडेही दाखवायला दैवतं आहेत. मोटाउनच्या असंख्य हिट गाण्यांमागचा जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. त्या बोटाचं नावच ‘हुक’ पडलं होतं. तारा तो जवळपास बदलायचाच नाही. आणि त्याच काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये कॅरोल के नावाच्या बाईंनी पिक घेऊन रेकॉर्डिंगांचा डोंगर उभा केला. तेव्हा कुणी कुणाला शिकवायला जाऊ नये.

तिसरा पंथ स्लॅपवाल्यांचा. अंगठ्याने तार ठोकायची, बोटाने खेचून सोडायची. लॅरी ग्रॅहम आईच्या पियानोबरोबर वाजवायचा. ग्रुपमध्ये ड्रमर उरला नाही, म्हणून त्याने अंगठ्याने बास ड्रम आणि बोटाने स्नेअरची भरपाई सुरू केली. म्हणजे या स्टायलिश तंत्राच्या मुळाशीही माणसं कमी पडल्याचीच गोष्ट आहे! आमचा मॅनेजर तिथे असता तर खूश झाला असता.

हल्ली आणखी एक मागणी असते. गाव कुठलंही असो, स्टेजजवळ एखादा कॉलेजकुमार येतो आणि म्हणतो, ‘‘दादा, मोहिनी डेसारखं वाजवा ना.’’ मुंबईत वाढलेली, वडिलांकडूनच बेस शिकलेली ही मुलगी ए. आर. रहमानपासून परदेशातल्या बड्या बड्या मंडळींबरोबर वाजवून आलीय. कोन्नकोलचे बोल तोंडाने म्हणत तेच तारांवर काढते. ते बघून मी दोन दिवस गिटारला हात लावत नाही. शिवाय तसं मी हळदीत वाजवलं तर ढोलकीवाला मला तारांसकट उचलून बाहेर ठेवेल.

कारण हळदीचं गणित वेगळं आहे. कोळीगीताचा ठेका सहा मात्रांचा आणि चाल पळती. पहिल्या मात्रेवर मूळ सूर, चौथीवर पंचम, आणि पुढच्या समेवर पडण्याआधी सहावीला एक छोटीशी उडी. कागदावर एवढंच. खरी मेहनत सूर वाजवण्यात नाही, तो संपवण्यात आहे. पहिल्या मात्रेचा सूर तिसरीपर्यंत रेंगाळला की ढोलकीच्या धुमाचा आणि त्याचा चिखल होतो. मोठ्या डब्यांवर तर विचारूच नका. म्हणून डाव्या हाताचं बोट तारेवरून अर्धवट उचलायचं, म्हणजे सूर तिथेच मिटतो. उजव्या तळव्याची कड पुलाजवळ तारांवर टेकवून अंगठ्याने छेडलं तर आणखी गोल, आणखी तोकडा सूर येतो. मी हळदीत निम्मा वेळ तसंच वाजवतो. क्लासमध्ये पहिलं वर्षभर मला कुठला सूर कुठे, एवढंच शिकवलं होतं. तो कधी सोडायचा हे एका ढोलकीवाल्याने शिकवलं. तेही शिवी घालून.

काळी दोनची पंचाईत

आपल्याकडे गायक कॉर्ड सांगत नाही, पट्टी सांगतो. ‘‘काळी चार घे.’’ ‘‘आज घसा बसलाय, पांढरी पाच.’’ कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो, बोटं तिथेच ठेवतो आणि पाणी पितो. बेसवाल्याला मात्र हात उचलून दुसऱ्या घरात संसार मांडावा लागतो. काळी चार म्हणजे जी शार्प, काळी एक म्हणजे सी शार्प, हे कोष्टक झोपेतही आलं पाहिजे.

खरी गोची काळी दोनची. म्हणजे डी शार्प. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर आहे ई, म्हणजे बरोबर अर्ध्या सुराने वर! गायिका काळी दोनमध्ये गातेय आणि तुम्हाला तिचा सा खालच्या सप्तकात मिळतच नाही. मग तुम्ही तो वरच्या घरात, ए तारेच्या सहाव्या पट्टीवर वाजवता. पाच तारांचा बेस असला की खालची बी तार मिळते आणि चौथ्या पट्टीवर तोच डी शार्प आरामात बसतो. म्हणून पाच तारावाले स्वतःला जरा वरच्या जातीचे समजतात.

माझं मत विचाराल तर चार पुरतात. बी तारेचा मोकळा सूर सेकंदाला 31 कंपनांच्या आसपास. भाड्याच्या सिस्टिमवर तो सूर म्हणून ऐकूच येत नाही, पंख्याच्या आवाजासारखी घरघर होते. उलट एक सप्तक वर वाजवलेला सूर ढोलकीच्या वरून स्वच्छ निघतो. अर्थात पाच तारावाला हे वाचून म्हणेल, ‘‘याच्याकडे पैसे नाहीत म्हणून बोलतोय.’’ तेही खरं आहे.

तारा उकळणारी माणसं

गियरवर बोलायला बसलो तर हा अंकच संपेल, म्हणून मांडवात कामाचं तेवढंच सांगतो.

माझा पहिला बेस देशी बनावटीचा, सेकंडहँड. कोकणच्या पावसाळ्यात त्याच्या मानेला असा बाक यायचा की तारा आणि पट्ट्यांच्या मधून उंदीर गेला असता. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती पान्याने पाव फेरा आवळली की मान सरळ होते. पाव फेरा म्हणजे पावच! मी पहिल्यांदा जोशात एक पूर्ण फेरा दिला होता. कट् असा आवाज आला आणि पुढचा महिनाभर मी कोरस गायलो.

बेसच्या तारा गिटारच्या तारांपेक्षा कितीतरी महाग. त्यात घाम आणि खारी हवा. मग आम्ही काय करतो? उकळतो! खरंच. तारा काढून वेटोळं करायचं, पातेल्यात पाण्यात दहा मिनिटं खळखळू द्यायचं, पुसून सुकवायचं. वेटोळ्यात अडकलेला मळ निघतो आणि दोन-तीन नाईट्स सूर पुन्हा चकचकीत लागतो. आईने ते पातेलं परत स्वयंपाकघरात घेतलेलं नाही. यावर फ्लॅटवाउंड तारांचा पंथ म्हणतो, असल्या भानगडीच नकोत. त्यांच्या तारेवरची गुंडाळी चपटी असते, बोटांखाली गुळगुळीत, सूर मऊ आणि बसका, वर्षानुवर्षं चालतात. हळदीसाठी मीही गेल्या वर्षी त्याच लावल्या. स्लॅप मेला, पण ढोलकीवाला पहिल्यांदा हसला.

अॅम्प? सत्तर किलोचा डबा एसटीच्या टपावर चढवायची हौस असेल तर जरूर घ्या. आम्ही डीआय बॉक्स नेतो. मुठीत मावणारा डबा, एका बाजूने गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूने मिक्सरला. पण एक धोक्याची गोष्ट. मांडवात करंट जनरेटरवरून येतो आणि अर्थिंग रामभरोसे असतं. एका हाताखाली तारा आणि ओठ माइकला लागले की कधीकधी असा झटका बसतो की गाण्यात नसलेली तान निघते. आवाजात गुणगुण येत असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते फक्त सिग्नलची जमीन तोडतं. पण प्लगची तिसरी पिन कधीही मोडू नका, मोडू देऊ नका. साउंडवाला कितीही अनुभवी असला तरी. आणि पायात रबरी चप्पल. माझे महागडे बूट स्टेजच्या मागे असतात.

मशीनवाला बेस आपल्याकडे जुनाच

कीबोर्डवाल्याचा डावा हात माझी नोकरी खाणार म्हणून मी कुढत होतो खरा, पण बेस गिटारचा जन्मच मुळी दुसऱ्या कुणाची तरी नोकरी खाऊन झालाय. 1951 मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्याआधी हे काम माणसाहून उंच डबल बेसकडे होतं. गाडीत न मावणारा, गोंगाटात न ऐकू येणारा. फेंडरने त्याची गिटार केली, गळ्यावर पट्ट्या ठोकल्या, वीज जोडली. सूर नेमका म्हणजे प्रिसाइज लागतो म्हणून नाव प्रिसिजन. डबल बेसवाले तेव्हा काय म्हणाले असतील याची मला पूर्ण कल्पना आहे.

मुंबईच्या फिल्म स्टुडिओंतही पुढे तेच झालं. आर. डी. बर्मनच्या गाण्यांतली पळती, नाचरी बेस लाइन तुम्हाला आवडत असेल, तर टोनी वाझ हे नाव लक्षात ठेवा. त्यांच्या ताफ्यातले ते बेसवाले. कॅसेटच्या कव्हरवर या मंडळींचं नाव क्वचितच यायचं.

आणि त्याच वर्तुळातले चरणजित सिंग. गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड, सिंथेसायझर, जे मिळेल ते वाजवणारे. रोलंड या जपानी कंपनीने 1981 च्या सुमाराला टीबी-303 नावाचं छोटं मशीन काढलं. उद्देश स्पष्ट होता: गिटारवाला एकटा असेल तर त्याला बेसवाल्याची गरज पडू नये. पण त्याचा आवाज बेस गिटारसारखा येईचना! लोकांनी नाकं मुरडली आणि 1984 मध्ये कंपनीने ते बनवणं बंद केलं. दरम्यान 1982 मध्ये चरणजित सिंगांनी तेच मशीन घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. त्यानंतर काही वर्षांनी शिकागोतल्या पोरांनी भंगारभावात मिळालेल्या त्याच मशीनचे कान पिळून ‘अॅसिड हाउस’ नावाचं संगीत जन्माला घातलं, आणि 2010 मध्ये ती जुनी रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या डीजेंनी तोंडात बोटं घातली. बेसवाल्याला हटवायला काढलेलं मशीन, आणि त्यातून असं काही काढून दाखवलं ते स्वतः बेस वाजवणाऱ्या एका मुंबईकराने. 2015 मध्ये ते गेले.

एसटीत येताना मला हे आठवत होतं. धीर यावा म्हणून आठवत होतो, हेही खरं.

मांडव

रामवाडीपासून थोडं आत, आगरी घरातली हळद. अंगणभर मांडव, पिवळे कपडे, एका बाजूला भाकऱ्यांच्या चळती. साउंड चेक चालू होता. मी एकेक तार छेडत होतो आणि मांडवाच्या खांबाला हात लावून एक आजी बसल्या होत्या. नऊवारी, कपाळाला हळद. धवला म्हणणारी धवलारीण, नंतर कळलं.

‘‘काय वाजवतंस रं तू?’’

‘‘बेस गिटार, आजी. ऐकू येतंय का?’’

खांबावरचा हात न काढता त्या म्हणाल्या, ‘‘कानान नाय येत. पोटान येतं.’’

बारा वर्षांत याहून अचूक टेक्निकल फीडबॅक मला कुठल्याही साउंड इंजिनीयरने दिलेला नाही.

पहिला अर्धा भाग कीबोर्डवाल्याचा. मी खुर्चीत, मांडीवर बेस आडवा. तो माझा दोस्त आहे आणि हात चांगला आहे त्याचा. कीबोर्डचे त्याने दोन भाग केले होते, डावीकडे बेसचा आवाज, उजवीकडे बाकी सगळं. गणेशवंदना झाली, एक जुनं संथ मराठी गाणं झालं. कान टवकारून बसलो होतो, पण खरं सांगतो, चूक सापडली नाही. मॅनेजर माझ्याकडे न बघता खिशातल्या फोनशी खेळत होता. मी मनातल्या मनात बेसची ओएलएक्सवरची किंमत काढायला लागलो होतो.

मग कोळीगीतांची मेडली सुरू झाली. बायका उठल्या, पोरं उठली, नवरदेवाचे मामा उठले. अंतरा संपायच्या आतच समोरून ‘पुन्हा, पुन्हा!’ सुरू झालं, गायिकेने खूण न करता मुखडा परत उचलला. कीबोर्डवाल्याच्या उजव्या हाताला बेंजोची तान, कॉर्ड आणि मध्येच शहनाईचा तुकडा, एवढं सगळं. माणसाला दोनच हात. उजवा अडचणीत आला की डावा जिथे होता तिथेच थांबायचा. बोट खाली दाबलेलं. अठरा इंची डब्यांतून एकच लांब ‘घोंऽऽऽ’ निघायचा आणि ढोलकी त्याखाली बुडायची. नाचणाऱ्यांना कारण कळलं नाही, पण पाय जड झाले. दोन मावश्या जाऊन बसल्या.

मॅनेजर काही बोलला नाही. ढोलकीवाल्याने मात्र वाजवता वाजवता मान मागे वळवली आणि मला म्हणाला, ‘‘अरे बसलास काय? घे ना!’’ आधी एक शब्द होता, तो इथे छापता येणार नाही.

घेतला. तळवा तारांवर, अंगठा खाली. एक, चार, एक, चार, सहावीला उडी. कीबोर्डवाल्याने डावा हात उचलून घाम पुसला आणि माझ्याकडे बघून हसला, त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं. मावश्या परत उठल्या. पुढचा पाऊण तास मी काय वाजवलं मला आठवत नाही, म्हणजे बरं वाजवलं असणार.

आणि मग दहा वाजले. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम: रात्री दहा ते सकाळी सहा, उघड्यावर लाउडस्पीकर बंद. यजमान समंजस होते, त्यांनी स्वतःच साउंडवाल्याला हात केला. डबे गप्प झाले. ढोलकी विजेवर चालत नाही, ती चालूच राहिली. कीबोर्डवाल्याने कीबोर्डचे स्वतःचे चिमुकले स्पीकर लावले. गायिका तशीच गायली. माझ्या हातातला बेस वायर काढल्यावर एक लाकडाची फळी होती. मी एक तार छेडली, मला स्वतःलाच आली नाही ऐकू.

थोड्या वेळाने तीही गाणी थांबली आणि आजींनी धवला धरला. साथीला काही नाही, बाकीच्या बायका ओळ उचलून परत म्हणतात तेवढंच. मी फळी मांडीवर घेऊन ऐकत बसलो.

पहाटेची गाडी

मंडळी पुढच्या नाईटसाठी अलिबागला निघाली. मला घरी यायचं होतं, म्हणून त्यांनी मला पहाटे रामवाडी स्टँडवर सोडलं. गाडीतून उतरताना मॅनेजरने पाकीट दिलं आणि निकाल सांगितला. ‘‘हळदीला तू पक्का. ढोलकीवाला म्हणतो, तुझ्याशिवाय तो येणार नाही. पण रिसेप्शन कीबोर्डवर काढतो. तिथे लोक जेवत असतात, कोण ऐकतंय?’’

सीझनच्या अकरा नाईट्सपैकी हळदी चार. उरलेल्या सात गेल्या. मी वाद घातला नाही. रिसेप्शनला लोक जेवत असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

टपरी उघडत होती. फडक्याने तारा पुसल्या, रात्रीचा घाम राहिला की पुन्हा पातेलं चढवावं लागतं. तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजरचा मेसेज, गाडी अजून वडखळपर्यंतही पोचली नसेल. ‘एक पार्टी विचारतेय, रिसेप्शनलाच, पण त्यांना पाच तारवाला पाहिजे. पोराने कुठेतरी बघितलंय. आहे का तुझ्याकडे?’

पनवेलची गाडी लागली. कंडक्टरने बॅगेकडे बघून विचारलं, ‘‘यात काय?’’

‘‘बेस गिटार.’’

‘‘मग मागे बस. तिथे आधीच बेस आहे, इंजिनाचा.’’

मागच्या सीटवर बसून मी फोनवर सेकंडहँड पाच तारांचे बेस बघायला लागलो. दादरला एक होता, मानेला थोडा बाक, बाकी कंडिशन चांगली.